आवाजाखाली अंथरायचा आवाज

ओबिदिया माहेरच्या फाटकाशी पोचली, तेव्हा वर तिच्या भावाचा चेहरा टांगलेला होता. चांगला फाटकाइतका रुंद. चित्रात अकुन्नेचे दात पांढरेशुभ्र दिसत होते. खरे दात कोलाच्या कडू बिया चावून चावून केव्हाच पिवळे झाले होते आणि पुढचे दोन तर पडूनच गेले होते. मेलेल्या माणसाला कुणीतरी यंत्रावर बसून नवी कवळी बसवली होती. खाली सोनेरी अक्षरांत लिहिले होते, ‘एका थोर आयुष्याचा उत्सव’.

“उत्सव म्हणे,” ओबिदिया पुटपुटली आणि डोक्यावरची चटई सावरत आत शिरली.

घराण्याच्या लेकी, म्हणजे उमुआदा, भावाच्या मातीला अशाच येतात. लग्न होऊन कुठल्याही गावी गेलेल्या असोत, आपापली चटई घेऊन माहेरी परततात, अंगणात झोपतात, रडतात, भांडतात, आणि त्यांच्या मनाजोगते सगळे होईपर्यंत उठत नाहीत. ओबिदिया आता त्या लेकींत सर्वांत थोरली होती. तिच्या आधीच्या सगळ्या जणींच्या मातीला ती स्वतः चटई घेऊन गेली होती.

अंगण ओळखू येत नव्हते. जिथे यामच्या कंदांची राखण करत अकुन्ने बसायचा, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांचे डोंगर. पाहुण्यांना वाटायला आणलेल्या बादल्या, आणि प्रत्येक बादलीच्या बुडाशी अकुन्नेचे तोंड. म्हणजे उद्यापासून गावातल्या बायका त्याच्या तोंडावर धुणी भिजवणार! कोपऱ्यात बांधलेली गाय उगाच चघळत उभी होती, आणि आंब्याखाली दोन गवंडी कबरीच्या भिंतींना पांढऱ्या टाइल्स लावत होते.

“आत्या! आलीस?” अकुन्नेचा मुलगा ओबियाजुलू हात पसरून आला. लागोसला मोटारींचे सुटे भाग विकून तो चांगला गलेलठ्ठ झाला होता. “पाहिलीस का कबर? इटलीच्या टाइल्स आहेत.”

“तुझा बाप जन्मभर ओढ्यावर अंघोळ करायचा,” ओबिदिया म्हणाली, “आणि मेल्यावर त्याला न्हाणीघरात निजवतोस?”

ओबियाजुलू मोठ्याने हसला. त्याला वाटले, आत्या गंमत करते आहे.

“कुत्रा कुठंय?”

“कुठला कुत्रा?”

“तुझ्या बापाचा.”

“असेल इथंच कुठंतरी. ए, ती खुर्ची तिकडं नको! तिथं आमदारसाहेब बसायचेत!” आणि तो पळाला.

कुत्रा कुठे असणार, हे तिला ठाऊक होते. पुढच्या दुमजली घराच्या मागे अकुन्नेची जुनी खोली होती, जाड मातीच्या भिंतींची, हातभर खिडकीची. मुलाने नवे घर बांधले तरी तो त्या खोलीतून हलला नव्हता. ओबिदियाने गुडघ्यावर हात टेकून खाटेखाली वाकून पाहिले. अंधारात दोन डोळे चमकले. पांढऱ्या छातीचा तपकिरी कुत्रा, एक कान फाटका, तोंडाभोवतीचे केस म्हाताऱ्यासारखे पिकलेले. मालकाची जुनी लुंगी त्याने ओढत खाली नेली होती आणि तिच्यावर तो मुटकुळे करून पडला होता.

“ओन्येमा,” तिने हाक मारली. शेपूट एकदाच जमिनीवर आपटले.

ओन्येमा म्हणजे ‘कोणाला ठाऊक’. त्यांच्याकडे कुत्र्याचे नाव शेजाऱ्याला ऐकवण्यासाठी ठेवतात. पलीकडचा शेजारी रोज संध्याकाळी भिंतीवरून सांगायचा, मी पुढल्या साली अमुक बांधीन, त्याच्या पुढल्या साली तमुक घेईन. अकुन्नेने त्याला एका शब्दाने कधी उत्तर दिले नाही. पिल्लू आणले आणि रोज त्याच वेळी भिंतीपाशी उभा राहून हाका मारू लागला, “ओन्येमा! अरे ओन्येमा! कोणाला ठाऊक?” शेजाऱ्याने बोलणे टाकले. पुढे तो शेजारी गेलाही, बांधायचे तसेच राहिले. नाव मात्र कुत्र्याला चिकटले.

ओबिदिया खाली बसली. पाठ खाटेच्या पायाला टेकली. हाच वास, मातीचा, तंबाखूचा, ताडाच्या तेलाचा. युद्धाच्या वर्षांत ती परकरी पोर होती आणि अकुन्नेला नुकती मिसरूड फुटत होती. बॉम्ब टाकायला विमाने यायची. माणसांना ती ऐकू येण्याआधी घरच्या कुत्रीला ऐकू यायची. ती कान पाडून आंब्याकडे सुटायची आणि तिच्यामागे सगळे घर. आंब्याखाली अकुन्नेनेच खंदक खणला होता, वर केळीची पाने टाकलेली. आत आई एकेकाच्या तोंडावर हात धरायची. कुत्रीच्याही. त्या कुत्रीने किती वेळा घर वाचवले, हे कुणी मोजले नाही. शेवटच्या वर्षी कुणीतरी तिला मारून खाल्ले. ओबिदियाने त्या लोकांना कधी शिव्या दिल्या नाहीत. भूक होती तेव्हा. भुकेला काय शिव्या द्यायच्या?

त्यानंतर अकुन्नेच्या घरी कुत्रा नाही असे एक वर्ष गेले नाही. आणि नाताळात पोरे फटाके वाजवू लागली की हा दांडगा माणूस कुत्र्याला घेऊन या खोलीत येऊन बसायचा. लोक हसायचे. म्हणायचे, कुत्रा भितो की मालक?

“आवाज काही थांबवता येत नाही,” तो बहिणीला सांगायचा. “देवाची वीज थांबवशील? आवाजाच्या खाली दुसरा आवाज अंथरायचा. चटईसारखा. मग जनावर त्याच्यावर बसून राहतं.”

पिल्लू होते तेव्हापासून त्याने ओन्येमाला तसे शिकवले होते. आधी अंगणाच्या त्या टोकाला उखळात ताडाची उकडलेली फळे हळूहळू कुटायची, आणि इकडे पिल्लापुढे याम आणि सुका मासा. मग उखळ थोडे जवळ, घाव थोडा जोरात. पिल्लाने कान टवकारले की त्या दिवशी तिथेच थांबायचे, पुढे जायचे नाही. रागवायचे नाही, आणि फार कुरवाळायचेही नाही. ‘फार कुरवाळलं की त्याला वाटतं, खरंच काहीतरी भयंकर झालंय.’ असे करता करता उखळाचा आवाज म्हणजे पोट भरण्याचा आवाज झाला. मग बाहेर काहीही फुटो, अकुन्ने दार लावून रिकाम्या उखळात मुसळ टाकत बसायचा, धप्प, धप्प, जरा थांबून पुन्हा धप्प, आणि ओन्येमा त्याच्या पावलावर हनुवटी टेकून पडून राहायचा.

गेल्या यामच्या सणाला तो खंगलेला होता. ओसरीवर बसून बहिणीला म्हणाला, “मी गेलो की ही माणसं बार उडवणार. मला काय, मला ऐकू येणार नाही. ह्याला येईल. तू येशील ना?”

“येईन,” ओबिदिया म्हणाली होती.

तेवढ्यासाठी ती आली होती. रडायला बाकीच्या होत्याच.

दुपारी तिने ओबियाजुलूला ओसरीवर गाठले.

“बार लावू नकोस.”

“आत्या! काय बोलतेस! बार नाही? लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं गळफास घेतला. कोंबडी पुरल्यासारखा बाप पुरू?”

यात मात्र तो खोटे बोलत नव्हता. त्या गावात बार न उडवता मातीआड करतात ते फक्त अभद्र मरण मरणाऱ्यांना. गावाच्या कानांना बार हवाच, नाहीतर त्यांची जीभ सुटते. ओबिदियाला हे त्याच्यापेक्षा जास्त कळत होते.

“मग लांब लाव. शाळेच्या मैदानापलीकडं. गावभर ऐकू जाईल, अंगणात नको.”

“बरं.”

“आणि कुत्रा बापाच्या खोलीत राहील. दार लावून.”

“राहू दे की. म्हणशील तर एसी लावून देतो त्याला.”

“थट्टा नकोय मला. शब्द दे.”

त्याने खिशातून कोला काढला, फोडला, अर्धा तिच्या तळव्यावर ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. “झालं? बापाच्या ओसरीवर कोला फोडलाय. आता तरी हस जरा.”

ओबिदियाने कडू तुकडा दातांनी तोडला. उरलेला लुगड्याच्या गाठीत बांधला. त्यांच्यात म्हणतात, कोला घरी पोचला की तो कुठून आला ते स्वतःच सांगतो.

*

मातीच्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता, धुळीने सूर्य पिठात बुडवल्यासारखा फिका दिसत होता. प्रेत शवागारातून येणार म्हणून लेकींना वेशीवर जायचे होते. निघण्यापूर्वी ओबिदियाने ओन्येमाला पोटभर खायला घातले, पाणी ठेवले, खिडकीला चटई लावली, खाटेभोवती कणसांच्या टोपल्या रचल्या. रिकाम्या उखळात थोडा वेळ मुसळ टाकले. त्याने तिच्या पावलावर हनुवटी टेकली. मग तिने दार ओढून कडी घातली.

“झालं का बाळाला निजवून?” फिलोमिनाने विचारले. फिलोमिना चुलतबहीण, ओबिदियाच्या खालोखाल थोरली, जिभेने मात्र तिच्याही वरची. “आमच्या नवऱ्याच्या मातीला तू माझं एवढं केलं नव्हतंस.”

“तुझा नवरा खाटेखाली मुतत नव्हता.”

“तुला काय ठाऊक?” फिलोमिना म्हणाली, आणि लेकी हसत हसत वेशीकडे निघाल्या.

रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली. मेलेल्या माणसाला एवढी कसली घाई, कुणास ठाऊक! तिच्यामागे पितळी वाजंत्री, वाजंत्र्यांमागे काळे चष्मे घातलेले सहा जण. ते पेटी खांद्यावर घेऊन नाचू लागले. पुढे, मागे, गुडघ्यात वाकून, मध्येच पेटी एका हातावर पेलून. आत अकुन्ने कसा इकडून तिकडे आदळत असेल, हा विचार ओबिदियाच्या मनात आला. लोक नाचणाऱ्यांच्या घामेजल्या कपाळांवर नोटा चिकटवत होते. खाली पडलेल्या नोटांवर लोकांचे पाय पडत होते. मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे तिने आजवर खूप पाहिले होते. ते लोणी असे वाजतगाजत उधळणारे पहिल्यांदाच पाहिले.

अंगणात परतली तो जुन्या खोलीचे दार सताड उघडे होते.

आत दिवेच दिवे. मातीच्या भिंतींना जाळीचे पांढरे कापड. टोपल्या नाहीत, उखळ नाही, खाटही नाही. तिच्या जागी सोनेरी पायांचा पलंग. शहरातून आणलेली एक बाई कानाला यंत्र लावून हुकूम सोडत होती.

“हे काय?” ओबिदियाने विचारले.

“दर्शन इथं ठेवतोय, ममा. पुढची खोली अगदीच साधी वाटत होती. ही जुनी आहे ना, फोटोत फार गोड येते.”

“इथं कुत्रा होता.”

“अय्या, तो! किती वास मारत होता! मागं बांधलाय.” आणि तिने हातातल्या डबीतून हवेत सुगंधाचा फवारा सोडला.

पेटी उघडून अकुन्नेला पलंगावर ठेवले. हातांत पांढरे मोजे, ओठांना काहीतरी लाल लावलेले. ओबिदियाने एकदाच पाहिले. भावाचे तोंड असे कुणी रंगवेल आणि आपण ते मुकाट्याने पाहत उभ्या राहू, हे तिला खरे वाटेना. तिने तोंडावर पदर धरला आणि मागच्या अंगणाकडे निघाली.

मागे चुलींवर हंडे चढले होते. गाय इथे आणून कापली होती. तिचे रक्त वाळूत मुरत होते आणि माश्या बसल्या होत्या. त्यापलीकडे, यामच्या माचाशी, ओन्येमा आखूड दोरीने बांधलेला. आणि त्याच्यापासून चार ढांगांवर मदुका लोखंडी नळ्या ओळीने जमिनीत ठोकत होता. मदुका म्हणजे सात गावांचा बार उडवणारा. एका कानाने ठार बहिरा.

“मदुका! तू इथं काय करतोस? तुला मैदानात सांगितलं होतं ना?”

“नने,” ‘आई’ या अर्थाची हाक मारत तो आदराने उठला, “मैदानच सांगितलं होतं. सकाळी बदललं. व्हिडिओवाला म्हणतो, धूर आणि पेटी एकाच चौकटीत पाहिजेत. मैदानातला धूर दिसणार नाही.”

“व्हिडिओवाला म्हणतो!”

“मी काय करू, नने? मी सांगितल्या जागी उडवतो. आपल्या तर कानाचं काम झालेलंच आहे.”

“थांब. कुत्र्याला सोडवू दे. तोवर हात लावू नकोस.”

“सोडवा, सोडवा.”

ती दोरीची गाठ चाचपू लागली. कुणीतरी ओली करून आवळली होती. ओन्येमा तिचे मनगट चाटत होता, सगळे अंग थरथरत होते, आणि नखांनी तो जमीन खरवडत होता. बाराच्या दारूचा वास त्याला तिच्याआधी कळला होता. तेवढ्यात पुढच्या अंगणातून ओबियाजुलूने पांढरा रुमाल हलवला.

“रुमाल हलला,” मदुका म्हणाला.

“थांब म्हणते ना!”

पण ती त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला होती. त्याने तापवलेली सळई नळीला टेकवली.

जमीन हादरली. आवाज नुसता कानांत नाही, दातांत शिरला. ओबिदिया बसकण मारून खाली आली. धूर निवळला तेव्हा तिच्या हातात तुटलेली दोरी होती आणि ओन्येमा नव्हता.

पुढच्या अंगणात एकच गिल्ला झाला. एकाच ठशाचे कापड नेसलेल्या बायका खुर्च्यांवर चढल्या. कुत्रा टेबलांखालून, पायांमधून, भिंतीपाशी, परत फाटकाशी. फाटकावर मोटारींची रांग. दुसरा बार झाला. कुणीतरी त्याच्यावर बाटली फेकली. लोक हसत होते. हातात फोन धरून त्याच्यामागे पळत होते आणि हसत होते! तिसऱ्या बाराला ओन्येमाने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, पोट जमिनीला घासत आंब्याकडे सुटला, आणि दिसेनासा झाला.

“कबरीत! कुत्रा कबरीत गेला!”

हसणे थांबले. वाजंत्री एकेक करून बंद पडली. अभद्र टळावे म्हणून म्हाताऱ्यांनी डोक्यावरून बोटे फिरवली. माणूस अजून बाहेर, आणि त्याच्या जागेत कुत्रा! गाय कापणारा माणूस कोयता घेऊनच धावत आला. कोपरापर्यंत हात लाल.

“मारून काढा!” एक म्हातारा ओरडला. “मारून काढा, आणि कबर धुवून घ्या!”

ओबिदिया गर्दीतून वाट काढत कडेला पोचली. गवंड्यांची शिडी अजून तिथेच होती. तिने लुगडे वर खोचले आणि कुणाला काही कळायच्या आत शिडीवरून खाली उतरली.

आत गार होते. ओल्या सिमेंटचा वास. पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर कुत्र्याची लघवी पसरलेली, आणि कोपऱ्यात ओन्येमा, डोळे विस्फारलेले, तोंडातून लाळ. ती त्याच्याशेजारी बसली. खांद्यावरचे जास्तीचे लुगडे काढून त्याच्या डोक्यावरून पांघरले, दोन्ही कान झाकले. मग वर पाहिले.

आभाळाचा चौकोन. हाच आंबा. हाच खंदक. तेव्हा कडेला केळीची पाने असायची आणि आईचा हात तोंडावर. आता कडेला माणसांची डोकी होती, आणि प्रत्येक डोक्याशेजारी एक फोन.

“आत्या!” ओबियाजुलूचे डोके आले. “वर ये! लोक बघतायत!”

“बघू देत. त्यासाठीच बोलावलंस ना त्यांना?”

“कुत्रा वर दे, आम्ही बघतो त्याचं.”

“कोयता दिसतोय मला. मदुकाला सांग, नळ्या उपट.”

“अगं, अर्धे बार राहिलेत! अर्धेच उडवणं हे मुळीच न उडवण्यापेक्षा वाईट. लोक म्हणतील, पोराची ऐपत संपली.”

“ओसरीवर कोला कुणी फोडला होता?”

ओबियाजुलू मागे वळून ओरडला, “अहो लेकींनो, काढा हिला बाहेर! डोकं फिरलंय हिचं!”

फिलोमिनाचे डोके कडेवर आले. तिने खाली पाहिले. ओबिदियाला वाटले, आता ही सगळ्यांसमोर आपली सालपटे काढणार.

“कोला फोडला होता?” फिलोमिनाने विचारले. पण ओबिदियाकडे नाही, ओबियाजुलूकडे पाहून.

“फिलोमिना आत्या, तो काय, नुसता—”

“फोडला होतास की नाही?”

“फोडला होता. पण व्हिडिओ—”

फिलोमिनाने कबरीच्या कडेला आपली चटई अंथरली आणि तिच्यावर पाय पसरून बसली. “कंबर दुखतेय बाई,” ती म्हणाली. “जरा टेकते.”

एकीमागून एक लेकी टेकल्या. कबरीभोवती चटयांचे कडे झाले. चुलींवरचे हंडे खाली उतरवायला सांगितले गेले. लेकी बसल्या की चूल विझते, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. काळ्या चष्म्यांचे सहा जण तोवर अकुन्नेला परत पेटीत घालून नाचत आले होते. ते तसेच थांबले, पेटी खांद्यावर, घाम हनुवटीवरून गळतोय, ना पुढे जाता येते ना खाली ठेवता येते.

“नाचा ना आता,” फिलोमिना त्यांना म्हणाली.

कानाला यंत्र लावलेल्या बाईने एका माणसाला फवाऱ्याची डबी देऊन पुढे धाडले. त्याने कडेवरून वाकून कबरीत सुगंध मारला. तो ओबिदियाच्या तोंडावर आला. तिने तळव्याने तोंड पुसले.

ओबियाजुलू पुन्हा कडेशी आला. आता तो उकिडवा बसला होता आणि त्याचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

“आत्या, मग मी काय करू? मुक्यानं पुरू बापाला? अं? त्या फास घेणाऱ्यांसारखं? माझा बाप होता तो.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होते. इतक्या दिवसांत, एवढ्या गोंधळात, हे पहिले खरे पाणी तिने पाहिले. तिला त्याची दयाही आली, आणि त्या दयेचाही वीट आला.

“मुक्यानं कोण म्हणतंय?” ती म्हणाली. “उखळं आणा.”

स्वयंपाकासाठी सगळ्या आळीतली उखळे गोळा केलेली होती. लेकी उठल्या. उखळे आंब्याखाली आणून ठेवली, रिकामी. फिलोमिनाने पहिले मुसळ उचलले.

“कसं वाजवायचा तो?”

“हळू. मध्ये श्वास घ्यायचा.”

धप्प. धप्प. थांबून, धप्प. मग दुसरीचे मुसळ, मग तिसरीचे. जमिनीतून तो आवाज टाइल्समध्ये उतरला, आणि टाइल्समधून ओबिदियाच्या पाठीत. लुगड्याखाली ओन्येमाचे थरथरणे लगेच थांबले नाही. बऱ्याच वेळाने एक लांब श्वास सुटला आणि तिच्या पावलावर त्याची हनुवटी टेकली.

तिने त्याला लुगड्यात गुंडाळून शिडीवरून वर दिला. फिलोमिनाने जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता. तोंड वेंगाडत, शिव्या देत, तिने तो छातीशी धरला. ओबिदिया वर आली. ओन्येमाला पाठीशी घेऊन तिने लुगडे छातीवर आवळून बांधले, तान्ह्या पोराला बांधतात तसे. कबर पुसली. अकुन्नेला उखळांच्या तालावर मातीत ठेवले. म्हातारे म्हणाले, असे कधी पाहिले नव्हते. कुणी ते चांगल्या अर्थाने म्हणाले, कुणी वाईट. ओबिदियाने मूठभर माती टाकली आणि पाठीवरच्या ओझ्याला म्हणाली, “चल.”

“आत्या, जेवून जा,” ओबियाजुलू आडवा आला. “गायीची तंगडी लेकींची असते. तुझा वाटा काढलाय.”

“फिलोमिनाला दे.”

“रागावलीस?”

तिने त्याच्याकडे पाहिले. त्याचे डोळे कोरडे झाले होते आणि एक डोळा व्हिडिओवाल्याकडे होता. तिने चटई डोक्यावर घेतली आणि फाटकावरच्या पांढऱ्या दातांखालून बाहेर पडली.

ऊन उतरू लागले होते. वाट बांबूंमधून ओढ्याकडे जाते. ती ओढ्याशी पोचली, धुण्याच्या धोंड्यावर बसली, गाठ सोडून कुत्र्याला खाली ठेवले. ओन्येमाने पाण्याला तोंड लावले, आणि तेव्हाच मागे बार झाला.

मग दुसरा. मग एकामागून एक, राहिलेले सगळे. ताडांच्या शेंड्यांवर धूर चढत होता. ती वळणाआड होईपर्यंत वाट पाहिली होती त्यांनी! आता पेटी मातीत होती, पण व्हिडिओत काय, कुठलाही धूर कुठेही जोडता येतो.

ओन्येमा तिच्या मांड्यांमध्ये घुसला. तिने एक गोल दगड उचलला आणि धोंड्यावर आपटला. धप्प. धप्प. थांबून, धप्प. बार चालू होते तोवर ती ठोकत राहिली, हात भरून आला तरी. कुत्र्याची हनुवटी तिच्या पावलावर होती. धुराचा वास ओढ्यापर्यंत आला, तेव्हा तिने त्या बाजूला वळून थुंकले.

मग लुगड्याची गाठ सोडली, कोलाचा उरलेला तुकडा काढला आणि पाण्यात फेकून दिला. तो कुठून आला, हे तिच्या घराने ऐकायचे काही कारण नव्हते.